टार्गेटेड गोळ्या चालू असताना लिव्हर कसं सांभाळायचं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या रुग्णांसाठी

इमॅटिनिब, गेफिटिनिब, लॅपॅटिनिब, पॅझोपॅनिब, सुनिटिनिब, नायलोटिनिब, रायबोसायक्लिब. कॅन्सरच्या या टार्गेटेड, म्हणजे कॅन्सरच्या पेशींना नेमकं लक्ष्य करणाऱ्या गोळ्यांपैकी एखादी घरात चालू असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सलाईन नाही, भरती व्हायचं नाही, म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि लिव्हरची तपासणी मागे पडते.

आपल्या भागात गोंधळ वाढतो, कारण उपचार एका गावाला आणि रक्त दुसऱ्या गावाला. फाईल मुंबईच्या टाटाची किंवा बंगळूरच्या किदवाई कॅन्सर हॉस्पिटलची, मधली तपासणी बेळगावात, सणासुदीला आलेल्या मुलीने काढून घेतलेला एखादा रिपोर्ट कोल्हापूरचा. त्यात डोळे पिवळे दिसले की डॉक्टरांच्या आधी काविळीचं औषध देणाऱ्याचा पत्ता सांगणारे दहा जण भेटतात. खालचे टप्पे क्रमाने पाळा. क्रम उलटा झाला की पुढच्या रिपोर्टवरून काहीच कळत नाही.

टप्पा १: पहिली गोळी तोंडात टाकण्याआधी

सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. गोळी सुरू होण्याआधीचा रिपोर्ट हातात नसेल, तर दोन महिन्यांनी एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं दिसल्यावर ते गोळीने वाढलं की आधीपासूनच तसं होतं, हे कोणी सांगू शकत नाही.

पूर्ण लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या. नुसतं एसजीपीटी पुरत नाही. एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, बिलिरुबिन (काविळीत वाढणारा पिवळा घटक; एकूण आणि डायरेक्ट) आणि अल्ब्युमिन हवं. रक्त गोठायला लागणारा वेळ, म्हणजे पीटी-आयएनआर, एकदा काढून ठेवला तर पुढे कामी येतो.

त्याच सुईत हिपॅटायटिस बीची तपासणी उरकून घ्या. एचबीएसएजी (विषाणू आत्ता शरीरात आहे का) बहुतेक ठिकाणी होते. अँटी-एचबीसी टोटल (पूर्वी कधी लागण झाली होती का) मात्र मागितल्याशिवाय कोणी करत नाही. शरीरात दबून राहिलेला हा विषाणू इमॅटिनिबच्या जातीच्या गोळ्यांनी पुन्हा डोकं वर काढू शकतो. रिटुक्सिमॅब इंजेक्शन घेणाऱ्यांना तर हा धोका बराच मोठा. आधी कळलं तर त्यावर गोळी देता येते. नंतर कळलं तर कॅन्सरचं औषध थांबवावं लागतं.

मग घरातली औषधं टेबलावर मांडा. सगळी. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलची गोळी, गुडघेदुखीची गोळी, फिटची गोळी, मेडिकलमधून न विचारता आणलेल्या पुड्या, काढे, चूर्णं, व्हॉट्सॲपवर मागवलेली डबी. त्यांचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. उदाहरण द्यायचं तर पॅझोपॅनिबबरोबर सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर एसजीपीटी वाढण्याची शक्यता वाढते. टीबीच्या औषधांचा त्रास दुहेरी आहे: आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड लिव्हरला जड जातात, आणि रिफॅम्पिसिन कॅन्सरच्या बऱ्याच गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण खाली आणतं.

दारूबद्दल खरं सांगा. "कधीतरी" म्हणजे आठवड्यातून किती, हे डॉक्टरांना आकड्यात हवं असतं. गोव्याहून आलेली फेणीही दारूच असते.

तपासून घ्या: डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं चिठ्ठीवर लिहून घेतली का? "या गोळीला लिव्हरची तपासणी किती दिवसांनी?" आणि "रिपोर्ट बिघडला तर कोणत्या नंबरवर?"

टप्पा २: तपासणीचं वेळापत्रक गोळीप्रमाणे ठरवा

शेजारच्या पेशंटला तीन महिन्यांनी बोलावलं म्हणून तुम्हालाही तीन महिन्यांनीच, असं नसतं. औषधागणिक फरक आहे. पॅझोपॅनिबला तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या आठवड्यात, मग तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात, पुढे अधूनमधून. अलेक्टिनिबला पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी. रायबोसायक्लिबला पहिल्या दोन सायकलमध्ये (एक सायकल २८ दिवसांची) दर दोन आठवड्यांनी आणि पुढच्या चार सायकलच्या सुरुवातीला. लॅपॅटिनिबला चार ते सहा आठवड्यांनी. इमॅटिनिबला साधारण महिन्याला, किंवा डॉक्टर सांगतील तसं.

लक्षात घ्या, सुरुवातीचे आठवडे सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच आठवडे "आत्ताच तर गोळी चालू केली" म्हणून टाळले जातात.

तारखा कॅलेंडरवर लिहा आणि त्यांच्या शेजारी गावातल्या तारखाही टाका: सौंदत्तीची जत्रा, गणपती, ऊसतोडीचा हंगाम. तारीख जत्रेत येत असेल तर तपासणी दोन दिवस आधी करा, नंतर नको.

आणखी एक, जे बाहेरच्या डॉक्टरांच्या ध्यानात येत नाही. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर वातावरण तापलं की पहिल्यांदा बस थांबते. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या गाड्या अडल्या होत्या. म्हणून मिरज-कोल्हापूरला दाखवणाऱ्याने लिव्हरची तपासणी सीमेच्या अलीकडच्याच लॅबमध्ये ठरवावी आणि गोळ्या किमान दहा दिवसांच्या शिलकीत ठेवाव्यात.

टप्पा ३: गोळी खायची पद्धत

लिव्हरचा लेख आणि यात जेवणाचं काय, असं वाटेल. पण गोळी चुकीच्या वेळी घेतली की रक्तात जास्त जाते, आणि मग त्रास वाढतो. पॅझोपॅनिब जेवणाबरोबर घेतली तर रक्तातलं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. ती जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायची. लॅपॅटिनिब आणि नायलोटिनिबही रिकाम्या पोटी. इमॅटिनिबचं उलट आहे: जेवणाबरोबर, मोठा ग्लासभर पाण्याने. आमच्याकडे "कडक गोळी आहे, पोटात काहीतरी घालून घे" असा प्रेमाचा आग्रह असतो. तो इमॅटिनिबला चालतो, बाकीच्या दोन-तीन गोळ्यांना घातक ठरतो.

पपनस या काळात बंद. ग्रेपफ्रूटच्या कुळातलं हे फळ यातल्या बऱ्याच गोळ्यांचं आतड्यातलं विघटन मंद करतं. मोसंबी, केळी, पेरू खा.

थांबा: एकच औषध दोन नावांनी घरात आहे का? कोल्हापूरहून आणलेली पट्टी एका कंपनीची, बेळगावची दुसऱ्या कंपनीची. घरच्यांना ती दोन वेगळी औषधं वाटतात आणि दोन्ही दिली जातात. ब्रँडचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात असलेलं मूळ औषधाचं नाव वाचा. ते एकच असेल तर एक पट्टी कपाटात टाका. दोन्ही आधीच घेतल्या गेल्या असतील तर आजच डॉक्टरांना कळवा.

टप्पा ४: रक्त देण्याच्या दिवशी

लॅब शक्यतो एकच ठेवा. आदल्या दिवशी अंगमोड कष्ट नकोत. दिवसभर ऊस तोडून किंवा तंबाखूच्या शेतात वाकून दुसऱ्या दिवशी रक्त दिलं तर एसजीओटी वाढलेलं येऊ शकतं, कारण ते स्नायूंमध्येही असतं. कंबरेत इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा. फक्त एसजीओटी वाढलंय, एसजीपीटी जवळपास ठीक आहे, असं दिसलं तर डॉक्टर बहुधा सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी) काढायला सांगतील. घाबरून गोळी बंद करण्याचं ते कारण नव्हे.

मागच्या आठवड्यात ताप येऊन गेला असेल तर तोही सांगा. डेंग्यूत एसजीओटी चांगलंच वाढतं, आणि पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणारी कावीळ कॅन्सरच्या पेशंटलाही होते. भातखाचरात, उंदरांच्या वावरात काम करणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिसचाही विचार करावा लागतो. कॅन्सरची गोळी चालू आहे म्हणून सगळं खापर तिच्यावर फोडलं की खरा आजार निसटतो.

टप्पा ५: आकडा नव्हे, पट बघा

इथे सावकाश वाचा. "एसजीपीटी ११८ आलंय, जास्त आहे का?" या प्रश्नाला उत्तरच नाही. रिपोर्टच्या उजव्या बाजूला त्या लॅबची वरची मर्यादा छापलेली असते. आपला आकडा भागिले ती मर्यादा, म्हणजे पट. मर्यादा ५६ असेल तर ११८ हे साधारण २.१ पट. मर्यादा ३५ असेल तर तेच ११८ जवळपास ३.४ पट. तीन पटींच्या अलीकडे की पलीकडे, यावर डॉक्टरांचा निर्णय बदलतो. म्हणूनच दोन वेगळ्या लॅबचे नुसते आकडे शेजारी ठेवून "वाढलं", "उतरलं" म्हणायचं नसतं.

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक रिपोर्टची एक ओळ: तारीख, लॅब, एसजीपीटी, त्याची मर्यादा, पट, मग बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज, शेवटी "या काळात नवं काय घेतलं" आणि "गोळी चुकली का". शेवटचे दोन रकाने लोक रिकामे सोडतात, आणि डॉक्टर सर्वांत आधी तेच विचारतात.

एसजीपीटीच्या वाढीच्या पायऱ्या अशा धरतात: तीन पटींपर्यंत पहिली, तीन ते पाच पट दुसरी, पाच ते वीस पट तिसरी, त्याच्यावर चौथी. ज्याचा सुरुवातीचाच आकडा वाढलेला होता (लिव्हरमध्ये गाठी असल्या तर असतो), त्याची तुलना त्याच्या स्वतःच्या पहिल्या आकड्याशी करतात. टप्पा १ मधला रिपोर्ट त्यासाठी जपायचा.

आता पायरी कळली म्हणून काय करायचं तेही कळलं, असं समजू नका. समजा तिघांचं एसजीपीटी चार पट आलं. गेफिटिनिबवाल्याची गोळी डॉक्टर बहुधा काही दिवस थांबवतील. पॅझोपॅनिबवाल्याची, बिलिरुबिन ठीक असेल तर, चालू ठेवून दर आठवड्याला रक्त तपासतील, कारण तिथे थांबायची रेघ आठ पटींवर आहे. इमॅटिनिबची रेघ पाच पटींवर, आणि बिलिरुबिनसाठी तीन पटींवर. रिपोर्ट तोच, उत्तरं तीन. दवाखान्याच्या बाकावर ओळख झालेल्या माणसाचा सल्ला इथेच अंगाशी येतो.

थांबा: एसजीपीटी किंवा एसजीओटी तीन पटींच्या वर आणि त्याच रिपोर्टमध्ये एकूण बिलिरुबिन दोन पटींच्या वर, अशी जोडी दिसली तर ती सर्वांत वाईट खूण समजा. एकटं एसजीपीटी सहा पट असण्यापेक्षा ही जोडी जास्त गंभीर असू शकते. सोमवारची वाट बघू नका.

उलटही होतं. नायलोटिनिब किंवा पॅझोपॅनिब घेणाऱ्या काहींचं फक्त बिलिरुबिन वाढतं, तेही इनडायरेक्ट, आणि एसजीपीटी व्यवस्थित असतं. ज्यांना जन्मजात गिल्बर्टची ठेवण (बिलिरुबिन थोडं वाढलेलंच राहण्याची) असते त्यांच्यात हे दिसतं, आणि बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतं. अल्कलाइन फॉस्फेटेज आणि डायरेक्ट बिलिरुबिन दोन्ही वाढलेली असतील तर पित्ताच्या वाटेत खडा किंवा गाठ आहे का, यासाठी सोनोग्राफी लागते. हे ठरवणं तुमचं काम नाही. पण फोनवर "डायरेक्ट किती आहे?" असं विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

टप्पा ६: दोन तपासण्यांच्या मध्ये शरीराकडे लक्ष

आठवड्यातून दोनदा, सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी, डोळ्यांचा पांढरा भाग बघा. ट्यूबलाईटखाली कळत नाही. हातांच्या रंगावर जाऊ नका: सुनिटिनिब मुळात पिवळ्या रंगाचं औषध आहे, त्याने काहींची कातडी पिवळट होते, पण डोळे पांढरेच राहतात. लघवीचंही तसंच. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने ती भडक पिवळी होते, त्याचं काही नाही. कोऱ्या चहाच्या रंगाची झाली आणि पाणी पिऊनही फिकी होत नसेल तर मात्र काळजी करा.

त्याच दिवशी फोन करायचा: डोळे पिवळे, लघवी काळपट, शौच पांढुरकी, अंगभर खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं, दोन दिवस अन्नावरची वासना पूर्ण उडणं.

थेट दवाखान्यात जायचं: बडबड, गुंगी, दिवस-रात्रीचा गोंधळ, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, न थांबणारी उलटी, पोट फुगत जाणं. १०८ ला फोन करा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. मुंबईची गाडी पकडू नका. बेळगावात जिल्हा रुग्णालय आहे, केएलई हॉस्पिटल आहे. खानापूर-नंदगडच्या माणसाने तिथे पोचावं आणि टाटाच्या डॉक्टरांना तिथून फोन लावावा.

"डोळे जरा पिवळे दिसायलेत, पण लग्न झालं की दाखवू." हे वाक्य घरात ऐकू आलं की वाद न घालता गाडी काढा.

टप्पा ७: फोन कसा करायचा आणि तोवर गोळीचं काय

रिपोर्टचा फोटो पूर्ण कागदाचा पाठवा. बहुतेक जण लाल अक्षरातला आकडा तेवढा कापून पाठवतात, मर्यादेचा रकाना बाहेर राहतो आणि डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. सोबत चार ओळी लिहा: औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम, कधीपासून चालू, सुरुवातीचा रिपोर्ट काय होता, गेल्या महिन्याभरात नवं काय घेतलं. त्रास असेल तर तोही.

डोळे पिवळे असतील किंवा टप्पा ५ मधली एसजीपीटी-बिलिरुबिनची जोडी दिसली असेल तर पुढची गोळी डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत रोखून धरा. ते बोलणं त्याच दिवशी व्हायला हवं, मोठ्या दवाखान्यात फोन लागला नाही तर स्थानिक फिजिशियनशी तरी. एक डोस काही तास पुढे गेल्याने कॅन्सर बळावत नाही. याउलट नुसता आकडा थोडा वाढलाय, त्रास काही नाही, अशा वेळी आपल्या मनाने आठवडाभर गोळी सोडून देणं ही तितकीच मोठी चूक.

टप्पा ८: डॉक्टरांनी गोळी थांबवली, आता?

या दिवसांत घरात उपायांचा पूर येतो. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात काविळीला झाडपाला देणारे, नाकात रस पिळणारे, गळ्यात माळ घालणारे गावोगाव आहेत. माळेने इजा नाही, पण त्या भरवशावर रक्त तपासायचं राहून जातं, आणि तिथे ती महाग पडते. नाकात आणि पोटात जाणारं काहीही नको. भुईआवळा, गुळवेल, अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क, सगळं बंद. भाजीतली हळद चालते. गुळवेलीच्या काढ्यांनी लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, तेव्हा "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" हा युक्तिवाद इथे चालत नाही. शिवाय गोळी बंद आणि काढा चालू असताना आकडा हलला, तर तो कशाने हलला ते कळायचा मार्ग उरत नाही.

लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांनाही हेच लागू. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर घ्या. पण टॉनिक चालू केलं म्हणून कॅन्सरची गोळी परत चालू करायला हरकत नाही, असा अर्थ काढू नका.

अंगदुखीला पॅरासिटामॉल मोजून. निरोगी माणसालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नको. लिव्हर बिघडलेल्यांना डॉक्टर साधारण २ ग्रॅमच्या आत ठेवतात. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते धरून मोजा.

खाण्यापिण्यात फार पथ्य लागत नाही. फक्त उसाचा रस आणि उकडलेल्या भाज्या यांवर माणसाला पंधरा दिवस ठेवलं तर तो अशक्त होतो, लिव्हर सुधारत नाही. भाकरी, वरण, दही, अंडं खाऊ द्या. दारू पूर्ण बंद.

तपासून घ्या: थांबवताना पुढच्या तपासणीची तारीख मिळाली का? आकडा वर चढत असताना आठवड्याला एकदा किंवा दोनदाही रक्त लागतं. "बरं वाटलं की या" एवढ्यावर घरी येऊ नका.

टप्पा ९: पुन्हा सुरुवात

गोळी परत सुरू होईल की नाही हे औषधावर आणि इजेवर ठरतं. लॅपॅटिनिबने लिव्हरला गंभीर इजा झाली तर ते औषध पुन्हा देत नाहीत. इमॅटिनिब मात्र एसजीपीटी अडीच पटींच्या आत आणि बिलिरुबिन दीड पटीच्या आत आल्यावर कमी डोसने सुरू करतात, उदाहरणार्थ ४०० मिलिग्रॅमऐवजी ३००. पॅझोपॅनिब परत दिलीच तर ४०० मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि आठ आठवडे दर आठवड्याला तपासणी. त्यात एसजीपीटी पुन्हा तीन पटींच्या वर गेलं तर ती कायमची बंद.

चूक कपाटात दडलेली असते. जुन्या डोसच्या पट्ट्या शिल्लक असतात, औषध महाग, टाकवत नाही. नवीन चिठ्ठीवर ३००, हाताला लागते ती ४०० ची पट्टी. चिठ्ठी मिळाली त्या दिवशीच जुन्या पट्ट्यांवर रबर लावा, वर "देऊ नये" असं मार्करने लिहा आणि वेगळ्या खोलीत ठेवा. गोळ्या मोडून नवा डोस जमवायचा विचार असेल तर आधी विचारा. पॅझोपॅनिबची गोळी तर मोडायची किंवा कुटायची नसतेच.

घरात गोळी देणारं माणूस बदललं असेल, सून माहेरी गेली, मुलगा पुण्याहून आला, तर नवा डोस त्या माणसाला तोंडी सांगून भागत नाही. वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहा, जुना डोस खोडा, आणि पुढच्या रक्ताची तारीख त्याखालीच टाका.